घटक ५ : डोंगरवाटांची भाषा आणि वाटनोंदीचे लेखन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• सह्याद्रीतील भूरूपांसाठी मराठीत रूढ असलेल्या शब्दांचे अर्थ व त्यांतील फरक सांगता येतील.
• वाटेविषयीच्या संभाषणातील वाच्यार्थ आणि सूचितार्थ वेगळे करून दाखवता येतील.
• प्रवासवर्णन आणि वाटनोंद या दोन लेखनप्रकारांची प्रयोजने स्पष्ट करता येतील.
• एका दिवसाच्या भटकंतीची उपयुक्त वाटनोंद व नियोजनाची सूचना लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, शनिवार-रविवारची सुट्टी साधून मित्रमंडळींसह किंवा कुटुंबासह गड, लेणी, धबधबे पाहण्यास जाणे ही आता महाराष्ट्रातील शहरी जीवनाची एक रीतच झाली आहे. पुणे, मुंबई, नाशिक या शहरांतून पहाटे निघालेला माणूस दोन-तीन तासांत एखाद्या गडाच्या पायथ्याशी पोहोचतो. तुमच्यापैकी अनेकांनी असा अनुभव घेतला असेल. या अनुभवाकडे आपण येथे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहणार आहोत.

हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, डोंगरात शब्दाचा नेमका अर्थ कळणे हा केवळ व्युत्पन्नतेचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधात येतो. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि नेमक्या याच काळात पायथ्याची गावे पर्यटकांनी भरून जातात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात पाण्याचा लोंढा अचानक वाढून सहलीस आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा घटनांची कारणे अनेक असतात. ती सर्व भाषेशी निगडित नसतात. तथापि, डोंगराकाठच्या माणसाच्या बोलण्यातील सूचना शहरातील माणसास कळणे आणि स्वतःस कळलेली वाट दुसऱ्यास नेमकी सांगता येणे, या दोन भाषिक कौशल्यांचे मोल त्यांतून ध्यानात येते.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ भूरूपे आणि शब्द

सह्याद्री हा दख्खनच्या पठाराचा उंच, पश्चिमेकडील काठ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून येथील बेसॉल्ट खडक निर्माण झाला. भूशास्त्रात या खडकास ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द जिना किंवा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. दूरवरून पाहिल्यास सह्याद्रीचा डोंगर खरोखरच पायऱ्यांसारखा दिसतो : उभा कडा, मग झाडीचा सपाट टप्पा, पुन्हा कडा.

मराठीने या रचनेस स्वतःचे शब्द दिले आहेत. उभ्या भिंतीस ‘कडा’ म्हणतात. दोन कड्यांच्या मधल्या झाडीच्या टप्प्यास ‘पदर’ म्हणतात. डोंगराने पदर घ्यावा ही कल्पना किती सहज आहे, ते पाहा. पठाराकडून खाली उतरत गेलेल्या डोंगराच्या लांबट फाट्यास ‘सोंड’ किंवा ‘दांड’ म्हणतात. माथ्याच्या अरुंद कडेस ‘धार’, स्वतंत्र उभ्या राहिलेल्या टोकदार खडकास ‘सुळका’, तर खडकास आरपार पडलेल्या भोकास ‘नेढे’ म्हणतात. ‘नेढे’ म्हणजे सुईचे भोक. राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडाच्या माथ्यावर अशी नेढी आहेत.

आता उतरण्या-चढण्याच्या जागा पाहू. सर्वसाधारण बोलण्यात आपण त्या सर्वांस ‘घाट’ म्हणतो. परंतु डोंगरवाटांच्या भाषेत त्यांत भेद आहे.

• घाट : पठारावरून कोकणात उतरणारी, पूर्वी व्यापारासाठी वापरात असलेली वाट. जुन्नरजवळचा नाणेघाट याचे उत्तम उदाहरण होय. तेथील लेण्यात सातवाहनकालीन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील लेख आहे.
• खिंड : डोंगराच्या रांगेतील खोलगट फट, जिच्यातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाता येते. १६६० मधील लढाईमुळे ‘पावनखिंड’ या नावाने प्रसिद्ध झालेली घोडखिंड सर्वांस परिचित आहे.
• नाळ : दोन्ही बाजूंस कडे आणि मधून दगडधोंड्यांनी भरलेली तीव्र उताराची घळ. राजगड-रायगड परिसरातील बोराट्याची नाळ व सिंगापूरची नाळ ही तिची उदाहरणे होत. हरिश्चंद्रगडावर बेलपाड्याकडून चढणारी ‘नळीची वाट’ याच कुळातील आहे.

‘घाटाने उतरू’ आणि ‘नाळेने उतरू’ या दोन वाक्यांत एकच नाम बदलले आहे. परंतु पहिल्या वाटेने सामान लादलेले बैल जात असत, तर दुसऱ्या वाटेवर वरून सुटलेला एक धोंडा खालच्या माणसास प्राणघातक ठरू शकतो. इतका मोठा भेद भाषा एका लहान शब्दात साठवून ठेवते.

या शब्दसंग्रहातील दोन प्रवृत्ती लक्षात ठेवा. पहिली म्हणजे देहरूपके : डोंगरास माथा, खांदा, कूस, नाकाड आणि पायथा असतो. दुसरी म्हणजे शब्दांचे मिश्र कुळ. गडाच्या सर्वांत उंच भागास आपण ‘बालेकिल्ला’ म्हणतो. त्यातील ‘बाला’ हा उंच या अर्थाचा फारसी शब्द आहे, तर ‘किल्ला’ मूळ अरबी आहे. ‘बुरूज’ अरबीतून, ‘दरवाजा’ फारसीतून आला आणि ‘तट’ संस्कृतातून. गडावरील एका फेरीत या तिन्ही परंपरा तुमच्या जिभेवर येऊन जातात.

५.२.२ ‘वाट’ या शब्दाचा संसार

एखाद्या शब्दाबरोबर नेहमी येणारी क्रियापदे पाहिली, की त्या भाषिक समाजाचा अनुभव कळतो. ‘वाट’ हे नाम घ्या. वाट फुटते, वळते, मळते, मोडते, चुकते आणि सुटते. यांतील ‘मळलेली वाट’ म्हणजे सतत पायाखाली असलेली, खात्रीची वाट. ‘मोडलेली वाट’ म्हणजे दरड कोसळल्यामुळे किंवा वापर थांबल्यामुळे नाहीशी झालेली वाट. गावकरी ‘तिकडची वाट मोडली’ असे म्हणतो तेव्हा ती अवघड आहे एवढेच त्याला सांगायचे नसते. तिथे आता वाट उरलेलीच नाही, असे तो सांगत असतो.

‘ढोरवाट’ हा असाच एक शब्द. गुरे चरावयास जातात ती ही वाट. ती चांगली मळलेली दिसते. परंतु गुरांना गडावर जायचे नसते, गवताकडे जायचे असते. म्हणून ती रानात कोठेतरी विरून जाते. डोंगरात चुकलेली अनेक माणसे ढोरवाटेने चुकतात.

वाटनोंदीत ‘लागणे’ हे क्रियापद फार उपयोगी पडते. ‘डावीकडे टाके आहे’ या वाक्यातून केवळ अस्तित्व कळते. ‘पुढे डावीकडे टाके लागते’ या वाक्यातून चालणाऱ्याचा क्रम, दिशा आणि गती हे सर्व सूचित होते. (‘वाट लागणे’ या वाक्प्रचाराने मात्र वेगळाच अर्थ धारण केला आहे, हे तुम्ही जाणताच.)

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘खिंड’ आणि ‘नाळ’ यांतील फरक सांगा.
(आ) ‘मळलेली वाट’ नेहमीच योग्य वाट असते का? कारण द्या.

५.२.३ वाट विचारणे : संभाषणातील सूचितार्थ

पायथ्याच्या गावात आपण ‘मामा’, ‘दादा’, ‘मावशी’ असे संबोधून वाट विचारतो. हे संबोधन योग्यच आहे. त्याने अनोळखी माणसाशी नाते जुळते. अडचण उद्भवते ती प्रश्नाच्या रचनेत. ‘मामा, गडावर हीच वाट जाते ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले आहे. पाहुण्याचे म्हणणे खोडू नये, या सौजन्यामुळे किंवा ऐकण्यातील घाईमुळे समोरचा माणूस ‘हो, जाते की’ असे म्हणण्याचा संभव अधिक असतो. त्याऐवजी ‘मामा, ही वाट कुठं जाते?’ असा खुला प्रश्न विचारला, तर माहिती त्याच्याकडून येते. आपल्या समजुतीचा प्रतिध्वनी ऐकू येत नाही.

अंतराविषयीही असेच आहे. ‘जवळच आहे’, ‘हाकेच्या अंतरावर’ हे शब्द बोलणाऱ्याच्या पायांशी बांधलेले असतात. रोज डोंगर चढणाऱ्या माणसाचे ‘जवळ’ आणि आठवडाभर खुर्चीवर बसणाऱ्याचे ‘जवळ’ ही एक नव्हेत. म्हणून ‘किती लांब?’ यापेक्षा ‘लहान मुलं बरोबर आहेत, आम्हाला किती वेळ लागेल?’ असे विचारावे.

साहित्यशास्त्रातील अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दशक्तींचा अभ्यास तुम्ही केला आहे. त्यांचा व्यवहारातील एक प्रसंग पाहा. ओढ्यात खेळणाऱ्या मंडळींना वाटेने जाणारी एखादी मावशी म्हणते, ‘वरती पाऊस लागलाय.’ अभिधेने हे केवळ हवामानाचे विधान आहे. खाली ऊन असल्यामुळे ऐकणाऱ्यास ते अप्रस्तुत वाटते. परंतु वक्ती कोण, स्थळ कोणते आणि काळ कोणता, हे ध्यानी घेतले की व्यंग्यार्थ उघड होतो : वरचे पाणी थोड्याच वेळात येथे येईल, बाहेर निघा. लोंढा येण्यापूर्वी पाणी गढूळ होते, त्यात काटक्या-पाला दिसू लागतो. मावशीचे वाक्य त्याहीपूर्वी आलेले असते. काव्यातील व्यंजना हुकली तर रसास्वाद हुकतो. येथे ती हुकली तर सावध होण्याचा वेळ हातून जातो.

५.२.४ प्रवासवर्णन आणि वाटनोंद

गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथा’सारख्या पुस्तकांनी मराठीत दुर्गभ्रमणाचे ललित लेखन समृद्ध केले आहे. अशा लेखनाचे केंद्र लेखकाचा अनुभव हे असते. वाटनोंदीचे केंद्र मात्र उद्या त्या वाटेने जाणारा अनोळखी वाचक हे असते. पुढील दोन नमुने ताडून पाहा.

नमुना (क) : ‘राजगडाची वाट म्हणजे स्वर्गीय अनुभव! हिरव्यागार रानातून झपझप चालत आम्ही कधी वर पोहोचलो ते कळलेच नाही. थोडा कातळ आहे, पण सोपा आहे. डावीकडून गेलात की झाले.’

नमुना (ख) : ‘गुंजवणे गावातून निघालेली वाट रानातून चढू लागते. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा असून तेथे आधारासाठी रेलिंग आहे. तो चढून चोरदरवाजातून आत गेल्यावर आपण पद्मावती माचीवर, तलावाजवळ येतो. पावसात हा टप्पा निसरडा होतो. बरोबर लहान मुले किंवा वयस्क मंडळी असल्यास पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरावी.’

पहिल्या नमुन्यातील उत्साह खरा आहे. परंतु त्यातील ‘डावीकडून’ कोणाच्या डावीकडून? दिशादर्शक शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेवर अवलंबून असतो. या गुणधर्मास आपण ‘दर्शकता’ म्हणू. म्हणून वाटनोंदीत ‘चढताना डावीकडे’ असे लिहावे किंवा पूर्व-पश्चिम या स्थिर दिशा द्याव्यात. ‘सोपा’ हे विशेषणही सापेक्ष आहे. ते गाळून कातळाची उभारणी, आधाराची सोय आणि ऋतू यांची माहिती दिली, की वाट आपल्यास सोपी आहे का, हे वाचक स्वतः ठरवू शकतो.

५.२.५ नियोजनाची सूचना

मित्र आणि कुटुंबीय एकत्र निघतात तेव्हा गटात आठ वर्षांचे मूलही असते आणि साठीतील आत्याही. अशा गटास पाठवायच्या सूचनेत ठिकाण व निघण्याची वेळ सर्वजण लिहितात. परतण्याचा निकष क्वचितच कोणी लिहितो. तो संकेतार्थी वाक्यात लिहावा : ‘दुपारी १ वाजेपर्यंत माचीवर पोहोचलो नाही, तर तेथूनच परत फिरायचे.’ असे वाक्य घरी, शांतपणे लिहिलेले असले, की गडावर वाद घालण्याची वेळ येत नाही. ‘जमलं तर बघू’ या वाक्यात निर्णय नसतो; तो डोंगरावर, थकलेल्या अवस्थेत घ्यावा लागतो. हीच सूचना घरी राहिलेल्या एका व्यक्तीकडेही ठेवावी. त्यात पायथ्याचे गाव, चढण्याची वाट, उतरण्याची वाट आणि परतीची वेळ असावी. ‘लोणावळ्याकडे जातोय’ एवढे पुरेसे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) नमुना (क) मधील दोन सापेक्ष शब्दप्रयोग शोधा.
(आ) ‘वरती पाऊस लागलाय’ या वाक्याचा व्यंग्यार्थ कोणत्या घटकांमुळे सिद्ध होतो?

५.३ सारांश

सह्याद्रीच्या पायऱ्यांसारख्या रचनेतून कडा, पदर, सोंड, नाळ, नेढे यांसारखे नेमके शब्द घडले आहेत. आज त्यांच्या जागी ‘पॉइंट’, ‘स्पॉट’, ‘व्ह्यू’ असे मोजके शब्द सर्रास वापरले जातात. परभाषेतील शब्द येण्यास हरकत नाही. परंतु घाट, खिंड आणि नाळ या तिहींस एकच शब्द उरला, तर त्यांतील भेदाचे ज्ञानही विरळ होते. वाट विचारताना खुला प्रश्न, ऐकताना सूचितार्थाचे भान आणि लिहिताना स्थिर दिशा व निश्चित निकष, ही या घटकाची तीन सूत्रे होत.

५.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) खिंड ही रांगेतील फट असून तिच्यातून पलीकडे जाता येते, नाळ ही कड्यांमधील तीव्र उताराची, धोंड्यांची घळ असते. (आ) नाही, ती ढोरवाट असू शकते.
प्रश्न २ : (अ) ‘सोपा’, ‘डावीकडून’. (आ) वक्ती, स्थळ आणि काळ या संदर्भघटकांमुळे.

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१. तुम्ही स्वतः चाललेल्या एका वाटेची २०० शब्दांत वाटनोंद लिहा. ती त्या वाटेने न गेलेल्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि तिने विचारलेल्या प्रश्नांच्या आधारे पुन्हा लिहा.
२. तुमच्या परिसरातील डोंगर, ओढे व वाटा यांसाठी वापरले जाणारे दहा शब्द गावातील ज्येष्ठ व्यक्तींकडून जमवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याच बोलीत नोंदवा. प्रमाण भाषेत ‘सुधारून’ लिहू नका.