लुप्तप्राय भाषांचे जतन : बाहेरील तज्ज्ञांची भूमिका आणि मर्यादा

२६ जानेवारी २०१० रोजी अंदमान बेटांवर बोआ सीनियर या वृद्धेचे निधन झाले. ग्रेट अंदमानी भाषासमूहातील ‘बो’ ही भाषा जाणणारी ती अखेरची व्यक्ती होती. आपल्या भाषेत बोलायला माणूस उरला नाही म्हणून ती पक्ष्यांशी बोलत असे, अशी नोंद तिच्यासोबत काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ प्रा. अन्विता अब्बी यांनी केली आहे. तिचा आवाज, तिचे शब्द आणि तिची गाणी ध्वनिमुद्रणाच्या रूपाने आज उपलब्ध आहेत. भाषा मात्र तिच्याबरोबर गेली.

या घटनेतून एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. भाषेची नोंद करणे आणि भाषा जिवंत ठेवणे या दोन भिन्न गोष्टी असतील, तर दुसऱ्या कामात बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाचे स्थान नेमके कोणते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भारतातील काही उदाहरणांच्या आधारे केला आहे.

आकडेवारी काय सांगते?

२०११ च्या जनगणनेत नागरिकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे नोंदविली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या आणि त्यांचे वर्गीकरण होऊन १२१ भाषांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २२ भाषा आठव्या अनुसूचीतील, तर ९९ अनुसूचीबाहेरील आहेत. या यादीत स्वतंत्र स्थान मिळण्यासाठी किमान १०,००० भाषक असावे लागतात. त्यामुळे सर्वांत दुर्बल भाषाच या यादीत दिसत नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषा लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली. युनेस्कोच्या २०१० च्या ॲटलासमध्ये भारतातील सुमारे २०० भाषा संकटग्रस्त म्हणून दाखविल्या आहेत.

घटनात्मक आधार स्पष्ट आहे. अनुच्छेद २९ (१) नुसार स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. सातव्या घटनादुरुस्तीने (१९५६) समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी आहे. १०,००० पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये संरक्षण व जतन योजना सुरू केली. तिची अंमलबजावणी म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थेकडे सोपविण्यात आली आणि पहिल्या टप्प्यासाठी ११७ भाषा निवडण्यात आल्या.

भाषा का सुटते?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, भाषेचे मूल्य ती बोलणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते. एखादे कुटुंब मुलांशी प्रादेशिक किंवा व्यापाराच्या भाषेत बोलू लागते, तेव्हा त्याचा निर्णय अविचारी नसतो. शाळा, बाजार, दवाखाना आणि नोकरी या सर्व ठिकाणी त्या भाषेचा लाभ होतो. परंतु या निर्णयाची किंमत केवळ ते कुटुंब मोजत नाही. प्रत्येक कुटुंब बाहेर पडताच उरलेल्यांसाठी मूळ भाषेची उपयुक्तता घटते आणि पुढच्या कुटुंबाचा निर्णय अधिक सोपा होतो. खाजगी लाभ आणि सामाजिक हानी यांतील या तफावतीला अर्थशास्त्रात ऋण बाह्यता म्हणतात. सार्वजनिक हस्तक्षेपाचे समर्थन येथेच आहे.

मात्र हा हस्तक्षेप पालकांना दोष देऊन यशस्वी होत नाही. मूल दोन-तीन भाषा सहज शिकू शकते. त्यामुळे ‘आपली भाषा की प्रगती’ अशी निवड मुळात करावीच लागत नाही. ती निवड अटळ आहे असे वाटायला लावणारी परिस्थिती बदलणे, हे धोरणाचे काम होय.

नऊ निकष आणि एक उणीव

युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये भाषेची जीवनशक्ती मोजण्यासाठी नऊ निकष सुचविले. ते असे : एका पिढीकडून दुसरीकडे होणारे संक्रमण, भाषकांची एकूण संख्या, समाजातील त्यांचे प्रमाण, भाषेच्या वापराची क्षेत्रे, नव्या क्षेत्रांना व माध्यमांना दिलेला प्रतिसाद, शिक्षणाचे साहित्य, शासनाचे धोरण, समाजाची स्वतःच्या भाषेविषयीची वृत्ती आणि भाषेच्या दस्तऐवजीकरणाचे प्रमाण व दर्जा.

दस्तऐवजीकरण हा या नऊपैकी केवळ एक निकष आहे. बाहेरून आलेल्या अभ्यासकांचे बहुतांश श्रम मात्र दीर्घकाळ याच एका निकषावर खर्च झाले. व्याकरण लिहिले गेले, शब्दसंग्रह छापले गेले, पदव्या मिळाल्या आणि ते सारे ग्रंथ गावापासून शेकडो मैलांवरील ग्रंथालयांत राहिले. म्हणूनच तज्ज्ञाने प्रथम भाषेची अवस्था ओळखावी आणि त्यानुसार आपले काम ठरवावे, हे सूत्र महत्त्वाचे ठरते. पुढील तीन उदाहरणे तीन निरनिराळ्या अवस्था दाखवितात.

ग्रेट अंदमानी : अखेरच्या क्षणी नोंद

येथे भाषक बोटांवर मोजण्याइतके उरले असताना, २००५ मध्ये प्रा. अब्बी यांच्या नेतृत्वाखाली दस्तऐवजीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून २०१२ मध्ये शब्दकोश आणि २०१३ मध्ये व्याकरण प्रसिद्ध झाले. मानवी शरीराच्या निरनिराळ्या भागांवर आधारलेली उपसर्गांची रचना या भाषेच्या व्याकरणात सर्वत्र पसरलेली आहे, ही दुर्मीळ बाब जगापुढे आली. पक्ष्यांच्या नावांच्या नोंदीसाठी पुण्याचे पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे यांचे सहकार्य झाले आणि त्यातून २०११ मध्ये स्वतंत्र पुस्तक सिद्ध झाले. शब्द केवळ भाषाशास्त्रज्ञाला कळत नाही. त्यामागचा पक्षी, वनस्पती वा मासा ओळखणारा जाणकारही लागतो, हा यातील धडा आहे. तथापि, पाळण्यातील मुलाशी या भाषेत बोलणारे घर उरले नव्हते. ते निर्माण करणे कोणत्याही तज्ज्ञाच्या आवाक्याबाहेरचे होते.

निहाली : तज्ज्ञाच्या शब्दाचे वजन

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलली जाते. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात असावेत. तिच्यात कोरकू, मराठी आणि हिंदी शब्दांचा मोठा भरणा असला तरी तिचा गाभा कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जुळत नाही. जगातील मोजक्या एकाकी भाषांमध्ये तिची गणना होते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र निहाल हे नाव कोरकूंच्या नोंदीतच अंतर्भूत आहे.

डच अभ्यासक कुइपर यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात निहाली ही मुळात एखाद्या गटाची सांकेतिक बोली असण्याची शक्यता मांडली होती. आधीच सामाजिक उतरंडीत खाली ढकललेल्या समाजाच्या भाषेविषयी असे अनुमान केले जाते, तेव्हा ते केवळ विद्वत्चर्चेपुरते राहत नाही. पुढील संशोधनात, विशेषतः पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील प्रा. शैलेंद्र मोहन यांच्या दस्तऐवजीकरणात, तिचा अभ्यास स्वतंत्र भाषा म्हणून झाला. येथे संक्रमण अद्याप पूर्णतः थांबलेले नाही. म्हणून ग्रंथाइतकीच गरज आहे ती शाळेतील पहिल्या दोन इयत्तांसाठी गोष्टी, चित्रे व गाणी यांची, त्याच समाजातील शिक्षण-साहाय्यकांची आणि ‘तुमची बोली ही एक पूर्ण भाषा आहे’ हे अधिकाराने सांगणाऱ्या आवाजाची.

टोटो : पुढाकार समाजाचा, साहाय्य बाहेरचे

पश्चिम बंगालच्या अलिपुरद्वार जिल्ह्यात, भूतानच्या सीमेलगत टोटोपारा नावाचे गाव आहे. टोटो समाजाची लोकसंख्या सुमारे १,६०० आहे. भोवताली नेपाळी व बंगालीचे प्राबल्य आहे. याच समाजातील धनीराम टोटो यांनी आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली आणि ती २०१५ मध्ये लोकांसमोर आली. परंतु संगणकावर व भ्रमणध्वनीवर लिहिता येत नसेल, तर आजच्या काळात लिपीचा वापर वाढणे कठीण. युनिकोड या जागतिक मानकात लिपीचा समावेश होण्यासाठी तांत्रिक प्रस्ताव लागतो आणि तो लिहिण्याचे कौशल्य लहान समाजाकडे क्वचितच असते. येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील लिपीविषयक प्रकल्पाचे साहाय्य झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये टोटो लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. धनीराम टोटो यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या उदाहरणात श्रमविभागणी अचूक आहे. लिपी कोणती असावी हे समाजाने ठरविले. तज्ज्ञांनी तेवढेच केले, जे समाजाला एकट्याने करता आले नसते.

तज्ज्ञ काय देऊ शकतो?

लेखनपद्धती, शब्दकोश, प्राथमिक पुस्तक, शिक्षक-प्रशिक्षण, संगणकीय सुविधा या सर्वांचा आरंभीचा स्थिर खर्च मोठा असतो. हजार-दोन हजारांच्या समाजाला तो पेलत नाही. एकदा तो झाला की पुढील प्रत्येक वापराचा सीमान्त खर्च अत्यल्प राहतो. तज्ज्ञाने हा स्थिर खर्च उचलावा. रोजच्या बोलण्याचे काम घराचे आहे आणि ते घरानेच करावे.

भाषा जाणणारे वृद्धच उरले असतील, तर कॅलिफोर्नियातील मूलनिवासी समाजांचा अनुभव उपयोगी आहे. तेथे १९९२ पासून गुरू-शिष्य पद्धतीचा कार्यक्रम चालविला जातो. एक वृद्ध भाषक आणि एक तरुण यांची जोडी आठवड्याला अनेक तास स्वयंपाक, बागकाम, प्रवास अशी नित्याची कामे करते आणि त्या वेळी फक्त मूळ भाषेत बोलते. भाषाशास्त्रज्ञ लिॲन हिंटन यांचा या पद्धतीच्या घडणीत मोठा वाटा होता. मात्र कार्यक्रम मूलनिवासींच्याच संस्थेने चालविला. तज्ज्ञांनी पद्धत शिकविली आणि ते बाजूला झाले.

यावरून काही पथ्ये निश्चित करता येतात :

• काम सुरू करण्यापूर्वी समाजाची माहितीपूर्ण संमती घ्यावी आणि ती मागे घेण्याचा हक्कही मान्य करावा.

• ध्वनिमुद्रणाच्या प्रती गावात, गावकऱ्यांना वापरता येतील अशा स्वरूपात ठेवाव्यात. पवित्र वा खाजगी सामग्री कोणी ऐकावी हे समाजाने ठरवावे.

• माहिती देणाऱ्यांना योग्य मानधन आणि श्रेय मिळावे.

• प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून स्थानिक तरुणांना नोंद, लेखन व संपादन यांचे प्रशिक्षण द्यावे.

• भाषा, आरोग्य, वन आणि शिक्षण या विभागांशी समन्वय साधावा. जंगल व उपजीविका गेली की त्यांच्याशी निगडित शब्दही जातात.

समारोप

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक मूलनिवासींच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून घोषित केले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून देण्यावर भर आहे. ही अनुकूलता कागदावर राहू नये, यासाठी यशाचे मोजमाप बदलावे लागेल. किती तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि किती ग्रंथ छापले, ही साधनांची मोजदाद होय. तज्ज्ञ परत गेल्यानंतर पाच वर्षांनी गावातील किती मुले आजीशी तिच्या भाषेत बोलतात, हा खरा निर्देशांक आहे. बोआ सीनियरच्या बाबतीत तो शून्यावर आलेला होता. निहाली आणि टोटोच्या बाबतीत तो अद्याप शून्यावर आलेला नाही आणि धोरणाला कृती करण्याची संधी तेवढ्याच अवकाशात आहे.