कर्जबाजारी सोडियम

मागच्या शनिवारी वर्गात 'धन' आणि 'ऋण' हे शब्द आले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. गणितात अधिक आणि उणे. मोठ्या गटातल्या एका मुलीने विचारले, "शाळेत सोडियम प्लस शिकवतात. म्हणजे सोडियम नेहमी धनच का?" आम्ही "हो, नेहमीच" म्हणून मोकळे झालो. घरी पुस्तक उघडले तेव्हा कळले की आमचे उत्तर चुकले. ती चूक इथे दुरुस्त करतो.

अणूने इलेक्ट्रॉन दिला की तो धन आयन होतो, घेतला की ऋण आयन. देणारा धनवान, घेणारा ऋणी! (खरे कारण इलेक्ट्रॉनचा भार उणा असतो हे आहे, पण लक्षात ठेवायला हे बरे.) मिठात सोडियम देतो, क्लोरीन घेतो.

१९७४ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात जेम्स डाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनेरी, चकचकीत स्फटिक तयार केले. त्यांत निम्मे सोडियम धन होते आणि निम्मे चक्क ऋण!

यात अडचण मोठी होती. एका सोडियमने दुसऱ्याला इलेक्ट्रॉन दिला, तरी देणारा सावकार शेजारीच उभा. तो लगेच वसुली करणार. म्हणून सावकारालाच पिंजऱ्यात घातले. हा पिंजरा म्हणजे क्रिप्टँड नावाचा रेणू. फ्रान्सचे झाँ-मारी लेन यांनी १९६९ साली असे रेणू जगापुढे आणले. १९८७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पिंजऱ्यात सहा ऑक्सिजन आणि दोन नायट्रोजन आत तोंड करून बसलेले असतात. ते किंचित उणे, म्हणून मधल्या धन सोडियमला सगळीकडून ओढून धरतात. इथे इलेक्ट्रॉनची भागीदारी नाही, म्हणजे सहसंयुज बंध नाही, नुसती ओढ. एकेकाची ओढ दुबळी, पण आठांनी मिळून धरल्यावर सोडियम सुटत नाही. बाहेरून कार्बन-हायड्रोजनचे अस्तर असते, त्यामुळे ऋण सोडियम सावकाराच्या हाती लागत नाही. तो धन सोडियमच्या दुपटीहून मोठा होऊन आरामात राहतो. मात्र हवा किंवा ओलावा लागला की खेळ खलास.

१९८३ साली याच गटाने आणखी पुढे मजल मारली. या वेळी सीझियमला दोन कड्यांसारख्या रेणूंमध्ये धरले, आणि ऋण आयनाच्या जागी स्फटिकाच्या पोकळीत सुटा इलेक्ट्रॉनच राहिला. कर्जदार नाहीच, नुसते कर्ज!

गृहपाठ : 'उसने', 'उधार' आणि 'ऋण' यांत फरक काय, ते आजी-आजोबांना फोनवर विचारून या.