वीस तारखेच्या आदल्या रात्री

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अकरा व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं मी घरून भरते. हळद, बेदाणा, गूळ असा त्यांचा माल. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यांचं ‘३बी’ हे विवरणपत्र भरून व्हावं लागतं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, ‘निल’ विवरणपत्राला २० रुपये, आणि कर बाकी राहिला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. एका दिवसाचे पन्नास रुपये कुणाला जड जात नाहीत. पण माणसं डोळे मिटून कागद हातात देतात, त्यांचं काम आपल्यामुळे राहिलं की झोप लागत नाही.

त्या फेब्रुवारीत हळदीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बरेच दिवस माझा ब्राउझर रडतखडत चालत होता. टॅब उघडला की चक्र फिरत राहायचं, अक्षर टाइप केलं की क्षणभराने उमटायचं, मधेच पान पांढरं पडायचं. ‘संगणक जुना झालाय, चालायचंच’ म्हणून मी दिवस ढकलत राहिले. खरी चूक तिथेच झाली. १९ तारखेला संध्याकाळी सहा विवरणपत्रं बाकी होती आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला मिनिट-मिनिट लागायला लागलं.

मी घाबरले, आणि घाबरलेल्या अवस्थेत ‘ब्राउझर फास्ट कसा करावा’ असं शोधलं. सगळ्यात वर आली ती जाहिरात होती, ते मी पाहिलंच नाही. तिथून एक ‘क्लीनर’ उतरवून घेतला. त्याने मिनिटभरात संगणकात शेकडो दोष असल्याचं लाल अक्षरांत दाखवलं. मग पूर्ण स्क्रीनभर एक चौकट आली, कर्कश आवाज सुरू झाला, खाली एक फोन नंबर. मी फोन हातात घेतलासुद्धा होता. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले आणि परत येईपर्यंत जरा भानावर आले. तो नंबर लावला नाही, एवढी एकच गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या हातून बरोबर झाली. असे नंबर लावणाऱ्याला पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला लावतो, आणि मग बँकेचं खातं त्याच्या डोळ्यांसमोर असतं.

ती चौकट घालवून मी दुसरा उपाय केला. ‘हिस्टरी साफ करा’ हे सगळेच सांगतात. मी ती खिडकी उघडली, ‘सुरुवातीपासूनचं सगळं’ निवडलं आणि दिसतील त्या सगळ्या चौकोनांत टिक केली. त्यात सेव्ह केलेल्या पासवर्डचाही चौकोन होता. मी वाचला नाही.

अकरा व्यापाऱ्यांचे पासवर्ड एका क्लिकमध्ये गेले. फोनवर असतील म्हणून फोन उघडला, तर तिथेही नाहीत. दोन्हीकडे एकाच खात्याने लॉग-इन होतं आणि सिंक चालू होतं. सिंक म्हणजे इथे जे आहे ते तिथे, आणि इथून जे पुसलं ते तिथूनही पुसलं. मी त्याला बॅकअप समजत होते.

युजरनेम वहीत होती, म्हणून नवा पासवर्ड घेता येत होता. पण त्याचा ओटीपी जातो व्यापाऱ्याच्या नोंदलेल्या मोबाइलवर. रात्री साडेआठपासून मी फोन लावत बसले. एकांचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर. एक आजोबा म्हणाले, “ताई, मघाशी आलता बघा एक, त्यो चालंल का?” त्यांना पुन्हा पाठवते म्हटलं, तर त्यांच्या फोनला रेंज नाही. ते चप्पल घालून गच्चीवर गेले, आणि एकेक आकडा दोनदा वाचून सांगितला. मला लाज वाटत होती. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या एका टिकेपायी थंडीत उभा होता.

पाच विवरणपत्रं दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत झाली. सहावे व्यापारी बेळगावला लग्नाला गेलेले, फोन बंद. त्यांचं २१ तारखेला भरलं. ते ५० रुपये मी भरले.

यातला संगणकाचा भाग मात्र २० तारखेच्या सकाळीच सुटला होता, तोही चहा गार व्हायच्या आत. दिराचा मुलगा संगणक दुरुस्तीचं काम करतो. तो आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “काकू, आधी काही पुसायचं नाही. आधी बघायचं, कोण खातंय.”

त्याने क्रोम उघडं ठेवून शिफ्ट आणि एस्केप या दोन कळा एकत्र दाबल्या. एक छोटी खिडकी आली. ब्राउझरच्या आत स्वतःचा टास्क मॅनेजर असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेंशन वेगळ्या ओळीत, समोर मेमरी आणि सीपीयूचे रकाने. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो. सगळ्यात वर होतं पीडीएफ जोडायचं एक एक्स्टेंशन. वर्षभरापूर्वी एकदाच, दोन बिलं एकत्र करायला मी ते टाकलं होतं. त्याचं पान उघडं नाही, काम चालू नाही, तरी त्याच्या समोरचा आकडा साठच्या आसपास नाचत होता. त्याची ओळ निवडून ‘एंड प्रोसेस’ दाबलं आणि मशीनच्या पंख्याचा आवाज खाली आला. तो आवाज इतके दिवस चालू होता आणि मला त्याची सवय झाली होती.

मग त्याने त्या एक्स्टेंशनच्या परवानग्या उघडल्या. ‘सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे.’ मी ज्या ब्राउझरमध्ये अकरा घरांचे हिशेब उघडते, त्यातलं प्रत्येक पान वाचायची परवानगी मी एका अनोळखी माणसाला देऊन ठेवली होती. अशी एक्स्टेंशन सुरुवातीला सरळ असतात, पुढे विकली जातात आणि नवा मालक अपडेटमधून त्यात जाहिरातींचा किंवा हेरगिरीचा कोड घालतो. माझ्या बाबतीत काय झालं ते कळायला मार्ग नाही. ते आणि आदल्या रात्रीचा क्लीनर काढून टाकल्यावर, आदल्या रात्री बदललेलेही धरून सगळे पासवर्ड मी पुन्हा नव्याने बदलले.

म्हणून ब्राउझर मंदावला तर पहिल्यांदा काय करावं, हे त्या सकाळच्या अनुभवावरून सांगते.

तेच पान त्याच वायफायवर मोबाइलमध्ये उघडून बघा. तिथेही रखडलं तर दोष इंटरनेटचा किंवा त्या संकेतस्थळाचा, तुमच्या संगणकाला हात लावू नका. मोबाइलवर झरझर उघडलं तर संगणकावर इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेंशन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे वेग बरा वाटला तर गुन्हेगार बहुधा एक्स्टेंशनच. पत्त्याच्या पट्टीशेजारी कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं, त्यातून यादी उघडा आणि गेल्या महिन्यात जे वापरलं नाही ते काढा. नुसतं बंद करून ठेवू नका, काढाच. फायरफॉक्समध्येही मेनूतल्या ‘मोअर टूल्स’खाली असाच टास्क मॅनेजर आहे.

मुखपृष्ठ आपोआप बदललं असेल, शोधयंत्र भलतंच आलं असेल, तर क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘रिसेट सेटिंग्ज’ आहे. त्याने एक्स्टेंशन बंद होतात, कुकीज जातात, पण बुकमार्क, हिस्टरी आणि पासवर्ड राहतात. मला त्या रात्री हवं होतं ते हे बटण.

कोपऱ्यात सारख्या ‘तुमच्या संगणकात व्हायरस’ अशा पट्ट्या येत असतील तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ विचारलं आणि आपण ‘अलाउ’ दाबलं, एवढंच असतं. साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी आहे, तिथून अनोळखी नावं काढा. पूर्ण स्क्रीन अडवणारी चौकट आली तर एस्केप दाबून धरा. नाही गेली तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ म्हणू नका. त्या चौकटीतला नंबर लावून पैसे गेलेच असतील, तर एक मिनिट न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. संकोच करत बसू नका.

कॅशे साफ करा, हा सल्ला प्रत्येक जण देतो. कॅशे म्हणजे पानांची चित्रं आणि सामान ब्राउझरने पुन्हा आणावं लागू नये म्हणून घरात ठेवलेलं असतं. ते फेकलं की पुढच्या वेळी सगळं नव्याने आणावं लागतं, म्हणजे आधी वेग कमीच होतो. पान मोडकं किंवा जुनंच दिसत असेल तेव्हा हा उपाय ठीक. तेव्हाही फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ एवढ्याच चौकोनावर टिक ठेवा. कुकीजवर टिक केली तर सगळीकडून लॉग-आउट व्हाल. आणि पासवर्ड हा शब्द दिसला की हात मागे घ्या.

एक्स्टेंशन काढल्यावर माझा ब्राउझर चालायला लागला, पण पळत नव्हता. पुतण्याने विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून दाखवला. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, लाल. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. क्रोम २००८ साली आला तेव्हापासून तो टॅब शक्यतो वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवतो, त्यामुळे एक पान कोसळलं तरी बाकीची सहसा राहतात. पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. माझ्या सवयीप्रमाणे तीसेक टॅब उघडे होते. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं, आणि फिरती डिस्क तुकडा-तुकडा शोधत बसते. तिथे अडकतं सगळं. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, ती लगेच हुडकते. आम्ही एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली. नवा संगणक घ्यायच्या बेतात मी होते, तो खर्च वाचला. मशीन चार-पाच वर्षं जुनं असेल तर नव्याची चौकशी करण्याआधी हे करून बघा, असं मी आग्रहाने सांगेन.

क्रोमच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी सेव्हर आहे, तो न वापरलेले टॅब झोपवतो. एजमध्येही तशी सोय आहे. ती चालू ठेवा, पण ज्या पोर्टलवर फॉर्म भरता ते ‘नेहमी चालू ठेवा’च्या यादीत घाला. अर्धवट भरलेलं पान झोपून पुन्हा लोड झालं तर भरलेलं जाण्याचा धोका नको.

पासवर्ड आता पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत, आणि एक प्रत वहीत, कपाटात कुलपाच्या आत. महिन्याच्या दहा तारखेला मी शिफ्ट-एस्केप दाबून पाच मिनिटं बघते. कामाची गर्दी नसताना दिसलेला बिघाड शांतपणे काढता येतो.

गच्चीवर उभे राहिलेल्या त्या आजोबांच्या दुकानात मागच्या महिन्यात गेले होते. गल्ल्याशेजारच्या संगणकावर विंडोज ७. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, २०२३ सालच्या फेब्रुवारीपासून नवी आवृत्ती मिळणं थांबलं. म्हणजे ब्राउझर मंद तर आहेच, त्याच्या सुरक्षेच्या भगदाडांना ठिगळंही लागत नाहीत. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तिथे थांबूनही उपयोग नाही. आजोबा म्हणाले, “ताई, मला यातलं काय कळत न्हाई, तुम्ही म्हणाल तसं.” मशीन विंडोज ११ पेलणारं नाही, म्हणून पुतण्या त्यावर एसएसडी बसवून लिनक्स आणि फायरफॉक्स घालून देणार आहे. रविवारी यार्ड बंद असतो, तेव्हा जाऊ. त्यांच्या बँकेची आणि जीएसटीची पानं नीट उघडतात का, ते मी स्वतः बसून बघणार आहे. जुनी डिस्क त्याआधी पुसायची नाही, असं पुतण्याला आत्ताच सांगून ठेवलंय.