उत्तेजक द्रव्यांचे व्यसन : औषधोपचार आणि वर्तनोपचार
(सुरतेतील कामगार वस्त्यांच्या संदर्भात)

व्यसनमुक्तीचा विचार आपल्याकडे प्रायः दारू आणि अफूजन्य पदार्थ यांच्या अनुषंगानेच झालेला आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून मुक्तांगण केंद्र उभे राहिले, तेही गर्दच्या साथीच्या पार्श्वभूमीवर. गर्द हा अफूच्या जातीचा पदार्थ. त्याच्या रुग्णास ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथॅडोन यांसारखे औषध देऊन ओढ काबूत ठेवता येते. उत्तेजक द्रव्यांची गोष्ट निराळी आहे.

मेफेड्रोन, म्हणजे बाजारात ‘एम.डी.’ या नावाने ओळखली जाणारी पूड, हे या वर्गातील द्रव्य होय. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आणण्यात आले. त्यानंतरही सुरत शहरात पोलिसांनी त्याचे साठे वेळोवेळी पकडले आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून गेलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर व कापड प्रक्रिया कारखान्यांत काम करतात. हे व्यसन कोणा एका भाषकांचे वा एका धंद्याचे नव्हे. तथापि बारा-बारा तासांची पाळी, रात्रीचे जागरण आणि घरापासून दूर एका खोलीत दाटीवाटीने राहणारी तरुण मुले, अशा परिस्थितीत झोप व थकवा घालविणाऱ्या पदार्थाचा मोह अधिक होतो, हे सांगावयास नको.

उत्तेजक द्रव्यामुळे मेंदूत डोपामिन आदी रसायनांचा एकाएकी पूर येतो. मेफेड्रोनचा अंमल अल्पकाळ टिकतो, म्हणून एकाच बैठकीत ते पुनःपुन्हा घेतले जाते. अंमल उतरला की रुग्ण दिवसच्या दिवस झोपतो, खिन्न होतो, चिडतो. या काळात आत्महत्येचा विचार मनात येऊ शकतो. यास्तव त्यास एकटे सोडणे धोक्याचे असते. घरची मंडळी मात्र ‘आता शांत झोपला आहे’ असे समजून निश्चिंत होतात.

औषधांनी काय साधते? अतिक्षोभ झाल्यास शामक औषध, भास व संशय बळावल्यास मनोविकारविरोधी औषध, खिन्नता टिकून राहिल्यास त्यावरील उपचार, एवढे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निश्चित होते. छातीत दुखणे किंवा अंग तापणे ही मात्र तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत. परंतु मूळ ओढ नाहीशी करणारे सर्वमान्य औषध अद्याप उपलब्ध नाही. अमेरिकेत मेथॅम्फेटामिनच्या ४०३ रुग्णांवर दीर्घकाळ टिकणारे नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपियन यांचा संयुक्त प्रयोग झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांपैकी २.५ टक्के रुग्णांना अपेक्षित लाभ झाला. फरक खरा आहे, पण शंभरातील छ्याऐंशी जणांचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय हा प्रयोग मेफेड्रोनवर झालेला नव्हता. तेव्हा ‘एका सुईत व्यसन बंद’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे, किंवा जेवणात गुपचूप मिसळावयाच्या पुड्या विकणाऱ्यांकडे, कुटुंबाने पैसा घालवू नये. अशा पुडीत काय असते हे विकणाराही सांगत नाही.

आजवरच्या अभ्यासांत सर्वाधिक गुण आलेला उपाय औषधाचा नसून वर्तनाचा आहे. त्यास ‘प्रोत्साहन पद्धती’ म्हणता येईल. रुग्णाने आठवड्यातून दोन-तीन वेळा लघवीची तपासणी करून घ्यावयाची. नमुना निर्दोष निघाल्यास त्याच दिवशी, त्याच जागी लहानसे बक्षीस द्यावयाचे. एका प्रकारात भांड्यातून चिठ्ठी काढावयास देतात. निम्म्या चिठ्ठ्यांवर केवळ ‘शाबास’ लिहिलेले असते, बाकीच्यांवर बहुधा किरकोळ वस्तू, एखादीवर मोठी. सलग निर्दोष नमुने येतील तसतशा चिठ्ठ्या वाढतात आणि एक नमुना सदोष निघाला की पुन्हा एकीपासून आरंभ. शिक्षा नाही, अपमान नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०११ पासून ही पद्धत राबविली गेली.

‘व्यसन्याला लाच का द्यावयाची?’ असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. तो समजण्यासारखा असला तरी टिकत नाही. द्रव्याचे सुख तत्काळ मिळते, तर व्यसन सोडण्याचे सुख सहा महिन्यांनी. हे अंतर भरून काढण्यासाठीच हातात पडणारी ती छोटी वस्तू असते. अडचण आहे ती निराळीच. अ‍ॅम्फेटामिनच्या सर्वसाधारण तपासणीपट्टीवर मेफेड्रोन दिसेलच असे नाही. त्यास योग्य अशी तपासणी उपलब्ध नसताना बक्षिसे वाटणे म्हणजे फसवणुकीस वाव देणे होय.

याच्या जोडीला समुपदेशकाने रुग्णाबरोबर बसून ओढ कोणत्या क्षणी लागते याची नोंद करावी. पगाराचा दिवस, रात्रपाळी संपण्याची वेळ, ठराविक मित्र, ठराविक टपरी. प्रत्येक क्षणासाठी दुसरी कृती आधी ठरवून तिचा सराव करून घ्यावा. पगार काही महिने पत्नीच्या वा भावाच्या खात्यात जमा होईल, अशी व्यवस्था रुग्णाच्या संमतीने करणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

सुरतेतील मराठी कुटुंबांची एक रीत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मुलगा बिघडला असे कळताच त्यास ताप्ती मार्गाच्या गाडीने गावी आणतात. दोन महिन्यांत तो सुधारलेला दिसतो, आणि मग पुन्हा त्याच मागावर, त्याच खोलीत पाठविला जातो. गावी ओढीचे निमित्तच नव्हते, म्हणून ती दिसली नाही. खरी परीक्षा सुरतेस परतल्यावरच सुरू होते. गावाकडील आरोग्य सेवकाने परतण्यापूर्वीच सुरतेतील नवी सिव्हिल किंवा महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथील मानसोपचार विभागाशी गाठ घालून द्यावी. खोली किंवा पाळी बदलता येईल काय, हेही नातेवाइकांना विचारावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण उपचार टाळतात. वरील कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण न केल्यास मात्र ते काढून घेता येते. प्रथम विचारणेसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून तो गुजरातेतून व महाराष्ट्रातून सारखाच लागतो.