‘लावून तर बघू’ म्हणण्याआधी

मला फोन येतात ते बहुतेक दिवाळीच्या आवराआवरीत. माळ्यावर आजोबांचा रेडिओ सापडलेला असतो, धूळ पुसून तो टेबलावर ठेवलेला असतो आणि घरातलं कुणीतरी म्हणालेलं असतं, ‘लावून तर बघू!’ व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचा नाद मला बरीच वर्षं आहे. असे रेडिओ म्हातारपणानं जातात, असा लोकांचा समज असतो. माझ्याकडे आलेल्यांपैकी कित्येक संच मात्र माळ्यावर निम्मं शतक धड राहिले आणि खाली उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत गेले.

आत्याच्या रेडिओचंच सांगतो. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरातला जुना रेडिओ वाजवावा, असं माझ्या आतेभावाच्या, दादाच्या मनात आलं. लाकडी खोक्याचा, हिरव्या मॅजिक आयचा देखणा संच. मागच्या बाजूला परवान्याचं पुस्तकही खोचलेलं होतं. रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात दरवर्षी पैसे भरावे लागत, तेव्हाचं. शेवटचा शिक्का सत्तरच्या दशकातला. त्यानंतर तो लावल्याचं आत्याला आठवत नव्हतं. दादानं नवी वायर घातली, प्लग बसवला, बटण फिरवलं. डायल उजळली. थोड्या वेळानं गुरगुर सुरू झाली आणि तिच्यामागून एक स्टेशन पुसटसं ऐकूही आलं. सगळे खूश, भाच्यानं व्हिडिओ काढायला घेतला. मग आवाज फाटू लागला, वितळलेल्या मेणाचा वास आला आणि दादा प्लग उपटेपर्यंत मागून धूर निघाला होता. तो व्हिडिओ मला त्याच रात्री आला. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून शेवटच्या व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झालेली त्यात स्पष्ट दिसते.

उघडून पाहिल्यावर कारण सापडलं ते चहाच्या कपाएवढ्या किमतीचं. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाजाचा सिग्नल येतो तो एका कंडेन्सरमधून. त्याचं काम एवढंच, की सिग्नल जाऊ द्यायचा आणि मागचा शंभरेक व्होल्टचा डीसी दाब अडवायचा. त्या काळचे हे कंडेन्सर कागदाचे आणि मेणाचे. आपल्याकडच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि कंडेन्सर गळू लागतो. ग्रिडवर धन दाब चढला की व्हॉल्व्ह नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, प्लेट लाल होते, आणि तोच करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जात असल्यानं तीही जळते. घरचा फ्यूज उडत नाही, कारण त्याच्या हिशेबी हा करंट काहीच नसतो. आत्याचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागला. समारंभ झाला तेव्हा रेडिओ माझ्या टेबलावर होता.

म्हणून पहिला नियम: बरीच वर्षं बंद असलेला संच तपासल्याशिवाय लावायचा नाही, अगदी ‘फक्त एक मिनिट’सुद्धा नाही. मग तो ठाण्याच्या मर्फीचा असो की फिलिप्सचा, बुशचा असो की एचएमव्हीचा.

प्लग हातात घेण्याआधी मागचा पुठ्ठा काढा आणि मोबाइलवर भरपूर फोटो घ्या: वायरींचे, व्हॉल्व्हच्या जागांचे, आकड्यांचे. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, रबराचं आवरण बोटाच्या स्पर्शानं गळून पडतंय का, फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची जाड तार गुंडाळली आहे का, हे पाहा. व्हॉल्व्हच्या काचेच्या टोकाशी किंवा बाजूला आतून चकचकीत चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह मेला असं समजा. मागे व्होल्टेजची निवड करायची सोय असेल, तर ती सर्वांत वरच्या आकड्यावर, बहुधा २४५ वर ठेवा. आपल्या घरातला दाब २३० च्या वरही जातो.

आता व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. जिवाचा प्रश्न आहे तो इथेच. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी ‘ई’पासून सुरू होणारी नावं असतील, तर सहसा संचात मेन ट्रान्सफॉर्मर असतो. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ची नावं असतील, तर तो एसी-डीसी सेट. काही शहरांत एकेकाळी डीसी वीज होती, म्हणून दोन्हींवर चालणारे हे संच निघाले. त्यांत बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि विजेच्या दोन तारांपैकी एक थेट शॅसीला जोडलेली असते. प्लग दोन पिनांचा असेल आणि उलटा बसला, तर लोखंडी शॅसीत २३० व्होल्ट उतरतात. बटणाचा छोटा स्क्रू शॅसीशी जोडलेल्या दांड्याला टेकलेला असतो. म्हणून कारखान्यात त्या स्क्रूवर मेण भरत. ते मेण निघालं किंवा बटणच गळून पडलं, की दांडा फिरवणाऱ्या बोटाला झटका ठरलेला. अशा संचाला सुरक्षित करण्याच्या नादात शॅसीला अर्थिंग जोडू नका. शॅसीवर फेज आला, तर सरळ शॉर्ट होईल. असा सेट उघडा ठेवून तपासायचा तो फक्त आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर. डिमरस्टॅटनं दाब कमी-जास्त होतो, पण संच मेनपासून वेगळा होत नाही. या गैरसमजानं जाणत्या माणसांनाही झटके बसलेले मी पाहिले आहेत.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. जुन्या तारेचा १०० वॅटचा बल्ब फेजच्या वाटेत जोडायचा. एलईडी इथे चालत नाही. संचात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट तिथेच अडतो. संच धड असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. मात्र हा बल्ब संचाला वाचवतो, तुम्हाला नाही. झटका त्यातूनही बसतो. मेन ट्रान्सफॉर्मरच्या संचात आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे ईझेड ८०, काढून ठेवा. बल्बवर नुसता ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हचे फिलामेंट चालू द्या. तासाभरात ट्रान्सफॉर्मर हात लावता येण्याइतका गरम राहिला आणि वास आला नाही, तर सर्वांत महागडी वस्तू शाबूत आहे. हा हात लावायचा तो प्लग काढल्यावर. ‘यू’च्या संचात हा प्रयोग होत नाही, कारण सगळे फिलामेंट एकाच माळेत असतात; एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझतात.

यानंतर कंडेन्सर. सगळेच्या सगळे बदलायची घाई नको. ज्याच्यावर संचाचा जीव अवलंबून आहे तो आधी: आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडचा. तिथे ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर बसतो. मग मेन वायरीवर आडवा टाकलेला. तो बदलताना मेनसाठीच बनवलेला, ‘एक्स टू’ असं लिहिलेला घ्यायचा. मग फिल्टरचे दोन मोठे कंडेन्सर. त्यांच्यातला द्राव सुकतो आणि संच गुरगुरतो. ‘गुरगुर जाईल’ म्हणून काही जण तिथे दोनशे मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठोकतात. ईझेड ८० ला पहिल्या फिल्टरवर ५० च्या वर झेपत नाही; चालू होतानाच्या प्रत्येक धक्क्यानं तो झिजतो. जो आकडा होता तोच आकडा ठेवा, व्होल्टेज मात्र थोडं जास्त चालेल. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि संच पुन्हा लावून पाहायचा. दहा भाग एकदम बदलले आणि आवाज गेला, तर शोधायचं कुठे?

आत हात घालण्याआधी प्लग काढा आणि फिल्टर कंडेन्सर रिकामे करा. त्यात दोनशे-अडीचशे व्होल्ट दबा धरून असतात. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका. दहा किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरून ठेवा आणि मीटरवर दाब उतरल्याची खात्री करा. चालू संचात मोजताना एक हात खिशात.

संच प्रथम पूर्ण दाबावर लावाल तेव्हा स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे. त्याच्याशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचा दाब उसळतो. मीटरची एक काडी शॅसीला आणि दुसरी ईएल ८४ च्या दोन नंबरच्या पिनेला लावा. आकडा शून्याच्या आसपास किंवा किंचित ऋण हवा. तो धन बाजूला चढू लागला, तर लगेच बंद करा. आत्याच्या घरी हे मोजलं गेलं असतं, तर संच वाचला असता.

काही गोष्टींना मात्र हात लावायचाच नाही. पहिली म्हणजे आयएफटीचे, म्हणजे इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरचे, स्क्रू. ते ‘ढिले’ वाटले तरी ढिले नसतात. सहसा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास जुळवून ठेवलेले असतात. सिग्नल जनरेटरशिवाय ते फिरवले, तर रेडिओ बहिरा होतो, आणि त्यांचा ठिसूळ गाभा आत फुटला तर काम आणखी वाढतं. दुसरी, डायलची काच. गावांची नावं काचेच्या आतल्या बाजूनं छापलेली असतात. एका ओळखीच्यांनी ती काच साबणाच्या पाण्यानं पुसली. कोलंबो, दिल्ली, लाहोर सगळं फडक्यावर उतरलं. आतली बाजू कोरड्या मऊ कुंचल्यानं नुसती झटकायची. तिसरी, बँड स्विच. त्यावर घरातलं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे नको, काँटॅक्ट क्लीनरच हवा, तोही दोन थेंब.

टीव्हीबद्दल मी वेगळं सांगतो, आणि थोडक्यात. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तेव्हापासूनचे लाकडी शटरचे कृष्णधवल संच अजून काही घरांत आहेत. ते उघडू नका. पिक्चर ट्यूबवर दहा हजारांच्या वर व्होल्ट असतात, रंगीत संचात वीस-पंचवीस हजार. ट्यूबची काच स्वतःच कंडेन्सरसारखी वागते आणि प्लग काढल्यावरही तो दाब धरून ठेवते. ट्यूबची मान नाजूक असते. ती मोडली तर हवा आत घुसून काच फुटू शकते. हे काम ज्यानं आयुष्यभर केलंय त्या मेकॅनिकचं. शिवाय अँटेनावर येणारं दूरदर्शनचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता जवळजवळ संपलं आहे. संच सुरू झाला तरी सेटटॉप बॉक्स आणि आरएफ मॉड्युलेटर लागेल. हे आधी ठाऊक असलं, तर ‘चित्र येत नाही’ म्हणून उगाच आत हात घातला जात नाही.

रेडिओचंही तसंच. तो दुरुस्त झाला आणि नुसता खरखरला, तर दोष त्याचाच असेल असं नाही. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर भयंकर गोंगाट करतात. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर गुन्हेगार घरातच आहे. मीडियम वेव्हची कित्येक केंद्रं बंदही झाली आहेत, म्हणून स्टेशन चालू आहे का तेही त्याच ट्रान्झिस्टरवर आधी पाहा. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असतात. तीन लाखांना किलोहर्ट्झनं भागलं की मीटर येतात: पुण्याचं ७९२ म्हणजे सुमारे ३७९ मीटर, मुंबईचं ५५८ म्हणजे ५३८.

चालू झालेला संच पुन्हा वर्षानुवर्षं बंद ठेवू नका. महिन्यातून एकदा तासभर लावा. पावसाळ्यात थोडं अधिक, म्हणजे आतली ओल सुकते. भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळली पाहिजे. वर टेबलक्लॉथ आणि फुलदाणी तर नकोच.

सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. व्हॉल्व्ह जुन्या बाजारात किंवा चोरबाजारात शोधावे लागतात. मेकॅनिककडे देणार असाल तर दोनच गोष्टी ठरवून घ्या: काढलेले भाग परत द्यायचे, आणि विचारल्याशिवाय आयएफटी फिरवायचे नाहीत. ‘आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. काय बदललं, कोणत्या तारखेला, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट होते, हे एका कागदावर लिहून मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर वायर गुंडाळून ठेवा आणि रेडिओ दिवाणखान्यात नुसता मांडा. न लावलेला संच दहा वर्षांनीही दुरुस्त करता येतो. घाईनं जाळलेल्याचा मात्र आधी ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस शोधावा लागतो, आणि अशी माणसं व्हॉल्व्हपेक्षाही दुर्मीळ झाली आहेत.