परसातले पाहुणे

माझे आजोळ सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आटपाडीकडे आणि माणकडे मात्र ५०० मिलिमीटरच्या आसपास! तरीही नानीचे परस हिरवेगार असते. मोरीचे पाणी तिने चर काढून अळूकडे आणि शेवग्याकडे वळवले आहे. वाफ्यांत मेथी, कोथिंबीर, गवार, वांगी आहेत. कुंपणावर दोडक्याचा वेल आहे.

नानीकडे एक म्हैस, चार शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या आहेत. परसाचे दार जरा उघडे राहिले, की सगळे पाहुणे हजर! कोंबड्या पेरलेले बी उकरतात. म्हैस कुंपणावरून मान टाकून वेल ओढते. पण सर्वांत चौकस शेळी. तिला प्रत्येक वस्तू तोंडात घेऊन पाहायची असते. एकदा तिने वाळत घातलेली माझी टोपी चघळली.

एके दिवशी मी दार लावायला विसरलो. परत येऊन पाहतो तर मेथीचा वाफा साफ! मी रागाने काठी उचलली.

नानी म्हणाली, "थांब बेटा. दार काही तिने उघडले नाही."

मी काठी खाली ठेवली.

मग आम्ही कामाला लागलो. बाभळीच्या काटेरी फांद्यांनी कुंपणातली भोके बुजवली. कडेने अडुळसा लावला. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. नव्या वाफ्यावर काटक्या अंथरल्या, म्हणजे कोंबड्यांना उकरता येत नाही. शेण पाण्यात कालवून कडेच्या रोपांवर शिंपडले. त्या वासाने जनावरे पाने खात नाहीत. पालेभाजीवर मात्र ते शिंपडायचे नाही. ती आपल्याला खायची असते!

"नानी, ही जनावरे विकून टाक ना," मी म्हणालो.

"आणि खत कुठून आणू?" नानी हसली. खरेच, शेणखत आणि लेंडीखत यांवरच तिची बाग उभी आहे. आमच्या भागात शेतकरी मुद्दाम मेंढपाळांना बोलावून रानात मेंढरे बसवतात आणि त्याबद्दल त्यांना धान्य किंवा पैसे देतात.

मग नानीने २०१२-१३ च्या दुष्काळाची हकिकत सांगितली. विहीर आटली होती. टँकरचे पाणी माणसांनाच पुरत नव्हते. शेळ्या विकाव्या लागल्या. म्हशीला घेऊन नाना चारा छावणीत जाऊन राहिले. "परसाचे दार दिवसभर उघडेच असायचे," नानी म्हणाली. "आत यायला कोणी नव्हते आणि आत खायलाही काही नव्हते."

पाऊस झाल्यावर नानीने पुन्हा बी लावले. वेल कुंपणावर चढू लागला, तेव्हा नाना म्हशीला घेऊन परत आले. म्हशीने आल्या आल्या कुंपणावरून मान टाकली आणि दोडक्याचा कोवळा शेंडा ओढला. त्या दिवशी नानीने तिला हाकलले नाही.

स्वाध्याय
१. नानीने मोरीच्या पाण्याचा उपयोग कसा केला?
२. लेखकाने काठी खाली का ठेवली?
३. तुमच्या घराजवळच्या जनावरांविषयी पाच वाक्ये लिहा.