जुन्या मैफलीचा नवा माल
ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी एक धडा

जुने ध्वनिमुद्रण नव्या रूपात पुन्हा विकणे हा आज जगभर चालणारा व्यवसाय आहे. त्यातही प्रेक्षकांसमोर झालेल्या जुन्या रॉक मैफलींना चांगली मागणी असते. 'डीप पर्पल' या इंग्रजी वाद्यवृंदाने १९७२ साली जपानमध्ये केलेल्या मैफलींची तबकडी 'मेड इन जपान' त्याच वर्षी निघाली होती. २०२५ साली तीच चोहोबाजूंनी येणाऱ्या आवाजात, म्हणजे 'सराऊंड साऊंड'मध्ये, मोठ्या पेटीबंद आवृत्तीच्या रूपाने पुन्हा बाजारात आली. माल पन्नास वर्षांपूर्वीचा आणि किंमत मात्र आजची.

धाराशिव जिल्ह्यात रॉक संगीताचा व्यापार नाही, हे खरे. परंतु उरुसातील कव्वाली, मुशायरे, शाहिरी, भजन आणि लग्नातील गाणी टिपून घेणारे साऊंडवाले व व्हिडिओ स्टुडिओवाले उमरग्यापासून परंड्यापर्यंत प्रत्येक तालुक्यात आहेत. आज टिपलेला आवाज उद्या विकण्याजोगा राहील की नाही, हे कशावर ठरते, हा प्रश्न त्यांच्याही पोटापाण्याचा आहे. म्हणून या व्यवसायातील एक उदाहरण समजून घेऊ.

बांगलादेशसाठी झालेली मैफल

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी दोन मैफली घेतल्या, एक दुपारी व एक संध्याकाळी. आरंभी रविशंकर यांची सतार, उस्ताद अली अकबर खान यांचा सरोद, उस्ताद अल्लारखा यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तानपुरा होता. पुढे मुंबईत तबल्याचे विद्यालय काढणारे आणि झाकिर हुसेन यांचे वडील ते हेच अल्लारखा. नंतर बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन आदी रॉक कलाकार मंचावर आले. तीन तबकड्यांची पेटी त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत निघाली. २००५ साली या मैफलीचा चित्रपट ५.१ सराऊंड आवाजासह डीव्हीडीवर आला आणि गाण्यांची नव्याने मिश्रण केलेली सीडीही निघाली. डिलन यांचे दुपारच्या मैफलीतील एक गाणे त्या सीडीत जादा देण्यात आले.

पहिला मुद्दा : आवाज सुटा ठेवणे

५.१ म्हणजे समोर तीन ध्वनिक्षेपक, मागे दोन आणि खर्जासाठी एक. गायक समोर, वाद्ये डावी-उजवीकडे आणि टाळ्या मागून, अशी मांडणी करता येते, त्यामुळे ऐकणाऱ्याला सभागृहात बसल्यासारखे वाटते. परंतु प्रत्येक आवाज मुळात सुटा असेल तरच हे नीट जमते. न्यूयॉर्कची मैफल १६ ट्रॅकच्या यंत्रावर टिपली होती. माइकांचे आवाज फितीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत राहिले, म्हणून चौतीस वर्षांनी त्यांची नवी मांडणी करता आली.

आपल्याकडे बहुधा मिक्सरमधून निघणारा एकत्र आवाज थेट पेन ड्राइव्हमध्ये घेतात. खिचडी शिजल्यावर डाळ-तांदूळ वेगळे करता येत नाहीत, तसेच हे आहे. आज संगणकाच्या मदतीने मिसळलेला आवाजही काही प्रमाणात सोडवता येतो. जॉन लेननच्या एका जुन्या घरगुती कॅसेटवरील आवाज याच रीतीने वेगळा करून 'बीटल्स'चे गाणे २०२३ साली निघाले. म्हणून जुन्या कॅसेटही टाकून देऊ नयेत. परंतु नवे काम करताना या उपायावर विसंबण्यापेक्षा गायक, पेटी, तबला व श्रोते यांचे आवाज वेगवेगळे घ्यावेत, हे उत्तम. श्रोत्यांसाठी एक माइक अवश्य ठेवावा, कारण दाद हा मैफलीचाच भाग आहे. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी तर वाद्ये जुळवतानाच टाळ्या दिल्या होत्या आणि त्याही ध्वनिमुद्रणात आहेत.

दुसरा मुद्दा : कागद आधी करणे

याच मैफलीची दुसरी बाजू व्यापाऱ्याने अधिक लक्षात ठेवावी. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर 'युनिसेफ'ला लवकर मिळाले. परंतु तबकड्या व चित्रपटाच्या उत्पन्नाची मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्यात अनेक वर्षे अडकली, कारण करमाफीची कागदपत्रे मैफलीपूर्वी केलेली नव्हती. हेतू चांगला, कलाकार मोठे, विक्रीही भरपूर, पण भुकेल्या निर्वासितांसाठीचा पैसा कागदाअभावी थांबून राहिला.

आपल्याकडे अडचण हक्काची येते. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रथम निर्मात्याचा असतो. निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार व जबाबदारी घेणारा. उरूस समितीने साऊंडवाल्याला बोलावले, तर निर्माता समिती की साऊंडवाला? हे आधी लिहून ठेवले नाही, तर पुढे वाद ठरलेला. शिवाय कलाकाराचा स्वतंत्र हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे चालतो. त्याच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रण करता येत नाही आणि व्यापारी वापर झाल्यास त्याला स्वामित्वधन मिळण्याचा हक्क आहे.

हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी व सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर करार फक्त भारतापुरता मानला जातो. एका ओळीच्या चुकीने मोबाइलवरील जगभरची कमाई हातची जाऊ शकते.

जुना माल विकणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ साली निघालेल्या तबकडीवरील हक्क २०२४ अखेर संपला. परंतु गीत व चाल यांचा हक्क वेगळा असून तो कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. तबकडी मोकळी झाली म्हणून गाणेही मोकळे झाले, असे समजू नये.

काय करावे?

१. प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा. एमपी-थ्री केवळ ऐकवण्यासाठी वापरा.
२. मूळ फाइलच्या तीन प्रती करा व त्यांतील एक दुकानाबाहेर ठेवा.
३. कार्यक्रमाची तारीख, ठिकाण, गायक, वादक, कवी व चालीचा कर्ता यांची नोंद त्याच दिवशी करा.
४. मंचावर जाण्यापूर्वी कलाकाराची लेखी संमती घ्या. त्यात वापर, मुदत, प्रदेश व वाटा स्पष्ट लिहा आणि एक प्रत त्याला द्या. मोठी रक्कम असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.
५. घरातील जुन्या कॅसेट कोरड्या जागी ठेवून त्यांची संगणकावर प्रत करून घ्या.

यांपैकी बहुतेक कामांना भांडवल फारसे लागत नाही. ती वेळेवर केली, तर आज एका रात्रीच्या बिदागीत संपणारे काम उद्या दुकानदारालाही उत्पन्न देईल आणि गावच्या कव्वालाच्या मुलाबाळांनाही त्यांचा वाटा मिळेल.